तो हार, ती हार

गुरुवारला अजून सहा रात्री आहेत
आणि माझ्या राज्याला अजून नदी नाही.

डंडीत, चौथ्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर
लॅबमधून उरलेलं पिवळं प्लॅस्टर भिजतंय.
दिवसभर मी लोकांच्या दाढा ओतते,
रात्री त्याच वाटीत राक्षस.
पहिल्या राक्षसाचे दात फारच सुरेख आले.
सवय.

दोनशे पानी वही काढली होती.
बारा घराणी, चार हजार वर्षं, चंद्र तीन,
एक शापित मुकुट,
आणि कुणी कुणाला का मारलं
याचा तक्ता, लाल-निळ्या शाईत.
केनीला दाखवली. केनी रात्रीची बस चालवतो.
चहा संपेपर्यंत त्यानं वाचलं, मग विचारलं,
"ही माणसं जेवतात काय?"

मला माहीत नव्हतं.
चार हजार वर्षांत मी कुणाला
जेवूच घातलं नव्हतं.

त्या रात्री अकरा घराणी खोडली.
बाराव्यातली विधवा राणी तेवढी ठेवली,
तिला हिशोबाचं डोकं होतं. हिशोब कसला? मिठाचा.
मीठ आलं म्हणून जकातनाका,
नाक्यावर एक कारकून, त्याला कायमची सर्दी,
बैल विकायला निघालेली त्याची बहीण,
आणि बैलाला, का कोण जाणे, सगळं आठवतं.
नदी आपोआप आली.
बैलाला पाणी लागतं.

पण सुरुवात?
"खानावळीत भेटवू नकोस आम्हाला,"
आयली म्हणाली. ती पहाटे तीनला बेकरी उघडते,
तिला खाण्याच्या जागांचा वीट आलाय.
मी म्हटलं, आमच्याकडे एक वाक्य आहे:
आटपाट नगर होतं.
कसलं नगर, कुठलं, कुणी विचारत नाही.
तिनं म्हणून पाहिलं, आट, पाट,
जिभेवर गरम पाव फिरवल्यासारखं,
आणि नकाशाच्या मधोमध लिहून टाकलं
स्वतःच्या स्पेलिंगात.

शेवट मात्र माझ्यापाशी नाही.
कहाण्यांना असायचा: साठा उत्तरांची, पाचा उत्तरी,
सुफळ संपूर्ण, उठा आता, पानं वाढलीत.
इथं उत्तरं वीस पैलूंच्या फाशाकडे
आणि फासा माझ्या बापाचं ऐकत नाही.
रात्री दीडला एकटीनंच टाकून पाहिला.
राणी मेली.
पुन्हा टाकला.
बैल मेला.
तिसऱ्यांदा टाकला नाही;
साखरेच्या डब्यात घालून झाकण लावलं.

आज मंगळवार. समुद्रावरून धुकं आलं,
नदीवरचा पूल अर्ध्यात संपला.
इथं या धुक्याला हार म्हणतात.
जेवणाच्या सुट्टीत मी दोरोताला सांगितलं,
मराठीत हार दोन असतात.
तो गळ्यात पडतो, ती पदरी येते.
"मग बाहेर आहे ती कुठली?"
मी म्हटलं, गुरुवारी कळेल.
हसली नाही. ती लॅबच्या दाराशी बसून
लोकांची बिलं करते, आणि नियमांचं जाड पुस्तक
आमच्यात तिनं एकटीनंच पुरतं वाचलंय.

दाताशी धरायचा कापसाचा बोळा
मी उसवला, विंचरला,
आणि नकाशाच्या उत्तरेला चिकटवला.
दोरोता बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.
"याच्या पलीकडे?"
अजून गेले नाही, मी म्हटलं.
तिनं पेन्सिलीला टोक काढलं
आणि कापसाच्या कडेला, अगदी बारीक,
एक पाऊल काढलं. एकच. डावं.

आता मिठाची चार पानं वाया जाणार बहुतेक.
जाऊ देत. कारकुनाची सर्दी कुठेही चालेल.
केनीसाठी भाकरी लिहिली आहे, कांदाही,
आणि नाक्यामागे एक चूल, पेटलेली.

बैलाचं नाव राहिलंय.
कुणी विचारलंच तर
त्याला सगळं आठवतं,
त्यालाच विचारू.